सप्तशृंग गडाच्या पायऱ्या आणि सेनापती उमाबाई दाभाडे

आदिमाया आदिशक्ती श्री सप्तशृंगी निवासिनी देवीच्या दर्शनासाठी गडावर येणारा प्रत्येक भाविक पहिल्या पायरीपाशी क्षणभर थांबतो, वाकून हात लावतो आणि तो हात कपाळाला टेकवतो. कोणी तेथे नारळ वाढवितो, कोणी कापूर लावतो. कित्येक माताभगिनी नवस फेडण्यासाठी पायरी पायरीवर हळदकुंकू वाहत वर चढतात. ज्या पायरीला आपण देवीचे पाऊल मानून वंदन करतो, ती पायरी एका थोर स्त्रीने सुमारे तीनशे वर्षांपूर्वी येथे बसविली. त्या पुण्यशील स्त्रीचे नाव उमाबाई खंडेराव दाभाडे. मराठ्यांच्या इतिहासात सेनापतिपदाचा कारभार स्वतः पाहणारी वीरमाता म्हणून त्यांची कीर्ती आहे. गडावर येणाऱ्या भाविकांना त्यांच्या जीवनाची ओळख व्हावी, या हेतूने त्यांचे चरित्र येथे संक्षेपाने दिले आहे.

गडाचे माहात्म्य

महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांमध्ये कोल्हापूरची महालक्ष्मी, तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही तीन पूर्ण पीठे असून सप्तशृंगी हे अर्धे पीठ मानले जाते. नाशिकहून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर, कळवण तालुक्यात, सह्याद्रीच्या पूर्वेकडे पसरलेल्या रांगेत हा गड उभा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ४,६०० फूट आहे. सात शिखरांमुळे देवीस सप्तशृंगी हे नाव मिळाले. उभ्या कड्याच्या पोटात, कातळातच कोरलेली देवीची मूर्ती सुमारे आठ फूट उंच असून ती अष्टादशभुजा आहे. महिषासुराचा वध करण्यासाठी सर्व देवांनी आपापली आयुधे दिली, ती देवीने या अठरा हातांत धारण केली आहेत. देवीची मान किंचित कललेली दिसते. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी देवीमाहात्म्य सांगत असता जगदंबा ते कान देऊन ऐकते आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

देवीचे स्थान जितके रम्य, तितकेच पूर्वी ते दुर्गम होते. नांदुरी गावाकडून डोंगर चढून पठारावर आले, तरी खरी कसोटी तेथून पुढेच असे. पठारापासून देवीच्या गाभाऱ्यापर्यंतचा चढ उभ्या काळ्या कातळाचा. तरुण, धडधाकट माणूस हातापायांच्या आधाराने वर जाई. वृद्ध, आजारी, कडेवर मूल असलेली बाई यांना मात्र खालूनच कळसाला हात जोडून परतण्यावाचून गत्यंतर नसे. ही अडचण ज्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि ती दूर करण्याचे सामर्थ्य ज्यांच्यापाशी होते, अशा उमाबाई होत्या.

माहेर अभोण्याचे, सासर तळेगावचे

उमाबाईंचा जन्म अभोणे येथील ठोके देशमुखांच्या घराण्यात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव देवराव ठोके देशमुख. अभोणे हे गाव आजच्या कळवण तालुक्यातच, म्हणजे गडाच्याच मुलखात आहे. त्यामुळे सप्तशृंगी ही उमाबाईंना दूरदेशीची देवता नव्हती, ती माहेरच्या शिवारातली माउली होती. चैत्रात खानदेशाकडून पायी येणारे भाविकांचे जथे आणि नवरात्रात गडाकडे वळणारी पावले या मुलखातल्या लेकीबाळींना लहानपणापासून परिचयाची असतात.

उमाबाईंचा विवाह तळेगावचे खंडेराव दाभाडे यांच्याशी झाला. दाभाडे घराणे छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळापासून स्वराज्याच्या सेवेत होते. खंडेरावांचे वडील येसाजी दाभाडे. छत्रपती राजाराम महाराज जिंजीस गेले, त्या संकटाच्या काळात दाभाडे घराण्याने निष्ठेने सेवा केली. खंडेरावांना तीन पत्नी होत्या व त्यांत उमाबाई धाकट्या. त्यांना त्र्यंबकराव, यशवंतराव आणि बाबूराव हे तीन पुत्र व शाहबाई, दुर्गाबाई आणि आनंदीबाई या तीन कन्या झाल्या.

१७०७ साली औरंगजेबाचा मृत्यू झाला आणि छत्रपती शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून स्वराज्यात परतले. त्यानंतरची काही वर्षे मोठ्या अस्थिरतेची होती. खंडेरावांचा वावर खानदेश, बागलाण आणि गुजरातच्या सीमेवर असे. मुलूख राखणे, फौज पोसणे आणि शत्रूच्या वाटा अडविणे यांतच त्यांचे दिवस जात. याच धामधुमीच्या काळात, १७१० साली, उमाबाईंनी गडावरील पायऱ्यांचे काम करविले.

पायऱ्यांचे पुण्यकार्य

पठारापासून देवीच्या मंदिरापर्यंत उमाबाईंनी बांधविलेल्या पायऱ्यांची संख्या परंपरेने ४७० सांगितली जाते. चढताना भाविकांना श्वास घ्यायला ठिकठिकाणी थांबावे लागते, हे ध्यानी घेऊन की काय, वाटेत राम, हनुमान, राधाकृष्ण, कासव यांच्या लहान लहान प्रतिमा होत्या, असे जुन्या वर्णनांत आढळते. थकलेल्या माणसाने थांबावे, देवाचे नाव घ्यावे आणि पुढची पायरी चढावी, अशी ती सोय होती.

या दानाची थोरवी समजून घेताना काळाचे भान ठेवले पाहिजे. खंडेरावांस सेनापतिपद मिळाले ते १७१७ साली. म्हणजे पायऱ्या बांधविल्या तेव्हा उमाबाई सेनापतींच्या पत्नी झालेल्या नव्हत्या. गुजरातचे वैभव अद्याप दूर होते. देवीच्या अंगावर अलंकार चढवावा, कळस सोन्याने मढवावा, असे दान त्या करू शकल्या असत्या. त्यांनी मात्र जे दान पायदळी जाते ते निवडले. अलंकाराकडे पाहून दात्याची आठवण निघते, पायरीवरून चढताना सहसा कोणी ती कोणाची, असे विचारीत नाही.

पुढे या कार्याला इतरांचीही जोड मिळाली. पायथ्याकडून पठारावर येणाऱ्या वाटेच्या पायऱ्या नाशिकच्या कोन्हेर, रुद्राजी आणि कृष्णाजी यांनी १७६८-६९ च्या सुमारास बांधविल्या. अशा रीतीने पायथ्यापासून गाभाऱ्यापर्यंतची वाट सामान्य भाविकांसाठी सुलभ झाली.

सेनापतींचे घर

१७१७ साली शाहू महाराजांनी खंडेरावांना सेनापतिपद दिले. पुढे बाळाजी विश्वनाथ पेशवे यांच्यासमवेत मराठी फौज दिल्लीस गेली, तीत खंडेराव होते. त्या मोहिमेनंतर १७१९ साली दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांना मिळाल्या. गुजरातेत दाभाड्यांचे सरदार पिलाजी गायकवाड यांनी सोनगड येथे ठाणे बसविले आणि दाभाड्यांचा अंमल वाढत गेला.

तळेगावी दाभाड्यांच्या घरी दानधर्माची मोठी परंपरा होती. श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा खंडेरावांनी तेथे सुरू केली. दूरदूरचे शास्त्री, पंडित श्रावणात तळेगावी जमत. दाभाड्यांच्या पडत्या काळात ही प्रथा पुण्यास गेली व पेशव्यांनी ती पुढे चालविली. पेशवाईच्या अखेरीनंतरही दक्षिणेचा हा निधी विद्येच्या कामी आला आणि त्यातूनच १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा स्थापन झाली. एका घराने सुरू केलेले दान ते घर खचल्यावरही थांबले नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

१७२९ साली खंडेरावांचे निधन झाले. ज्येष्ठ पुत्र त्र्यंबकराव यांना सेनापतिपदाची वस्त्रे मिळाली.

डभईचा आघात

त्र्यंबकरावांच्या वाट्याला आलेला काळ कठीण होता. १७३० साली गुजरातचा मोगल सुभेदार सरबुलंदखान याने चौथाईचा करार पेशव्यांशी केला. गुजरात हे दाभाड्यांचे कार्यक्षेत्र, तेथील हक्क पेशव्यांकडे जाणार म्हणून सेनापती दुखावले. छत्रपतींचे सेनापती आणि छत्रपतींचे पेशवे एकमेकांसमोर उभे राहिले. त्र्यंबकरावांनी निजामाशी संधान बांधल्याची वार्ता आली आणि थोरले बाजीराव पेशवे गुजरातेत उतरले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ लढाई झाली. हत्तीवरून लढत असता त्र्यंबकराव गोळी लागून पडले.

रणात पुत्र पडणे हे सरदारांच्या घरातील मातेला नवे नव्हते. परंतु येथे पुत्र पडला तो परक्या शत्रूच्या हातून नव्हे, तर एकाच छत्रपतींचे अन्न खाणाऱ्यांच्या हातून. दोन वर्षांत पती आणि कर्ता पुत्र गेले, धाकटे पुत्र अद्याप लहान होते. घरचा विस्तार मोठा, फौज मोठी आणि मनात आग. उमाबाईंनी त्या वेळी सूडाची हाक दिली असती, तर मराठी राज्यात घरोघर फूट पडली असती.

शाहू महाराजांना या संकटाची जाणीव होती. महाराज स्वतः तळेगावी आले आणि त्यांनी उमाबाईंचे सांत्वन केले. परंपरा अशी सांगते की, महाराजांनी बाजीरावांस समोर उभे केले, उमाबाईंच्या हाती तलवार दिली आणि पुत्राचा सूड घेण्याची मुभा दिली. उमाबाईंनी तलवार उचलली नाही. पुत्रशोकाने त्यांचे काळीज पोळले होते, ते पुढेही निवले नाही, परंतु हाती आलेली तलवार त्यांनी चालविली नाही.

महाराजांनी सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांस दिले. गुजरात दाभाड्यांकडे आणि माळवा पेशव्यांकडे, अशी वाटणी ठरली व गुजरातच्या उत्पन्नाचा अर्धा भाग सरकारात भरण्याची अट घातली गेली. यशवंतराव लहान असल्याने सेनापतिपदाचा सर्व कारभार उमाबाईंच्या हाती आला. शिक्का पुत्राचा, पण निर्णय मातेचा, अशी ती स्थिती होती.

अहमदाबादची मोहीम

१७३२ साली गुजरातचा सुभेदार, जोधपूरचा राजा अभयसिंह याच्या माणसांनी डाकोर येथे वाटाघाटीच्या मिषाने पिलाजी गायकवाडांचा खून केला. पिलाजी हे दाभाड्यांचे गुजरातेतील मुख्य आधार होते. त्यांच्या मृत्यूने तेथील मराठ्यांचा अंमल बुडण्याची वेळ आली. तेव्हा उमाबाईंनी स्वतः मोहीम हाती घेतली. पिलाजींचे पुत्र दमाजी गायकवाड व कंठाजी कदम बांडे यांना सोबत घेऊन त्या मोठ्या फौजेनिशी १७३३ साली अहमदाबादेवर चालून गेल्या. सुभेदारास अखेर चौथाई व सरदेशमुखी मान्य करून वर खंडणी द्यावी लागली. दमाजींनी पुढे बडोदे घेतले आणि गुजरातेतील मराठ्यांचा पाया पक्का झाला.

त्या काळी विधवा स्त्रीने लाल अलवणात देवघरापुरते राहावे, अशी समाजाची अपेक्षा असे. उमाबाईंनी देवघर सोडले नाही आणि रणांगणही टाळले नाही. या पराक्रमाबद्दल शाहू महाराजांनी त्यांना पायात घालण्यासाठी सोन्याचे तोडे देऊन गौरविले, अशी आठवण परंपरेने जपली आहे.

अखेरचा संघर्ष

काळ पुन्हा फिरला. यशवंतराव व्यसनाधीन झाले आणि घरचा भार उतारवयातही उमाबाईंच्याच खांद्यावर राहिला. १७४९ साली शाहू महाराज निवर्तले. तळेगावी येऊन सांत्वन करणारा, दोन्ही घरांत समेट राखणारा धनी गेला. नानासाहेब पेशव्यांपुढे राज्याच्या रिकाम्या खजिन्याचा प्रश्न होता. त्यांनी दाभाड्यांकडे गुजरातच्या उत्पन्नाचा वाटा मागितला. राज्याचा खर्च सर्व सरदारांनी मिळून उचलला पाहिजे, ही पेशव्यांची भूमिका होती. डभईनंतरचा करार आपल्यावर लादलेला होता, तो आपणांस बंधनकारक नाही, ही उमाबाईंची भूमिका होती. नोव्हेंबर १७५० मध्ये त्या स्वतः आळंदी येथे पेशव्यांस भेटल्या. ज्ञानेश्वर माउलींच्या गावी झालेल्या त्या भेटीतूनही मार्ग निघाला नाही.

त्याच महिन्यात साताऱ्यात महाराणी ताराबाईंनी छत्रपती रामराजांस अटकेत ठेवले. ताराबाई आणि उमाबाई या दोन वृद्ध विधवा पेशव्यांच्या वाढत्या सत्तेविरुद्ध एक झाल्या. उमाबाईंनी दमाजी गायकवाडांस सुमारे पंधरा हजार फौजेनिशी पाठविले. आरंभी निंबजवळ दमाजींना यश आले, परंतु १७५१ च्या मार्च महिन्यात वेण्णा नदीच्या काठी त्यांची फौज कोंडली गेली. पुढे दमाजी कैद झाले. तळेगावच्या दाभाडे कुटुंबासही अटक झाली. सेनापतींचे घर पुण्यास नजरकैदेत आले.

१७५२ साली दमाजींनी पेशव्यांशी तह करून गुजरातचा अर्धा भाग मान्य केला आणि आपली सुटका करून घेतली. दाभाड्यांच्या पदरचा सरदार आता स्वतंत्र झाला व बडोद्याचे राज्य पुढे गायकवाड घराण्याकडे राहिले. १७५३ साली रघुनाथराव व दमाजी यांनी अहमदाबाद जिंकले. वीस वर्षांपूर्वी उमाबाईंनी ज्या शहरावर फौज नेली होती, ते मराठ्यांच्या हाती आले, पण त्या विजयात दाभाड्यांचा वाटा नव्हता. त्याच वर्षी २८ नोव्हेंबर १७५३ रोजी पुण्यात नडगेमोडी येथे उमाबाईंनी देह ठेवला. तळेगाव दाभाडे येथे बनेश्वर मंदिराच्या परिसरात त्यांची समाधी आहे.

जे गेले आणि जे उरले

उमाबाईंच्या जीवनात देवीने सुखाचे दान फारसे टाकले नाही, असे वरवर पाहता वाटेल. पती गेला, पुत्र गेला, पद गेले, गुजरात गेला, अखेरीस स्वातंत्र्यही गेले. देवीची एवढी सेवा करूनही हे भोग का, असा प्रश्न भाविक मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. परंतु उमाबाईंनी पायऱ्या बांधविल्या त्या संकट टळावे या बोलीने बांधविल्या, असे त्यांच्या चरित्रात कोठे दिसत नाही. पायऱ्या बांधविल्या तेव्हा त्यांची संकटे अद्याप यावयाची होती. देवीपर्यंत प्रत्येकाला जाता यावे, एवढ्यासाठी त्या बांधविल्या आणि ते काम पूर्ण झाले. पुढच्या कोणत्याही लढाईने, तहाने वा अटकेने त्यातली एकही पायरी काढून घेतली नाही.

दान देणाऱ्याने आपल्या दानाकडे कसे पाहावे, याचा हा वस्तुपाठ आहे. दान म्हणजे देवीशी केलेला सौदा नव्हे. एकदा दिले की ते आपले राहत नाही, ते येणाऱ्याजाणाऱ्यांचे होते.

आज गडापर्यंत पक्का रस्ता आहे. २०१८ साली मंदिरापर्यंत फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाल्याने वृद्ध व अपंग भाविकांची मोठी सोय झाली. उमाबाईंच्या मनात ज्यांची कळकळ होती, त्याच भाविकांसाठी झालेले हे त्यांच्याच कार्याचे पुढचे पाऊल म्हटले पाहिजे. २०२२ साली देवीच्या मूर्तीचे संवर्धन झाले, शेंदराचे थर उतरले आणि कातळात कोरलेले मूळ रूप भाविकांना पाहता आले. असे असले तरी पायऱ्या चढून दर्शन घेण्याचा नेम असंख्य भाविकांनी सोडलेला नाही. चैत्रोत्सवात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत खानदेशातून उन्हातान्हात पायी आलेले भाविक, नवरात्रातील माताभगिनी आणि कोजागरीस नद्यांचे पाणी खांद्यावर आणणारे कावडधारी याच वाटेने देवीकडे जातात.

भाविकांनी पहिल्या पायरीस वंदन करताना जगदंबेसोबत या माहेरवाशिणीचेही स्मरण करावे. चढताना कोणी वृद्ध दमून बसलेले दिसल्यास त्यांना हात द्यावा, पायऱ्यांवर नारळाच्या शेंड्या, प्लास्टिक वा कचरा टाकू नये, तेल सांडून त्या निसरड्या करू नयेत. तीनशे वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या पायांसाठी घातलेली ही वाट आपल्यानंतर येणाऱ्यांच्या पायांसाठी तशीच राखणे, हीच उमाबाईंना खरी आदरांजली आणि हीच देवीची सेवा होय.

॥ श्री सप्तशृंगी निवासिनी देवी प्रसन्न ॥